विष्णुदत्त नगर : त्रिपुरी काँग्रेससाठी उभे राहिलेले शहर

जबलपूरच्या जुन्या बाजारात, बडा फुहाऱ्याजवळ, कमानिया गेट आहे. रिक्षा, हातगाड्या, लग्नाच्या खरेदीला आलेली कुटुंबे, सगळे दिवसभर तिच्याखालून जात-येत असतात. १९३९ साली त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून ही कमान बांधली गेली. मी स्थापत्य अभियांत्रिकी शिकवतो, इतिहास नव्हे. पण दरवर्षी नगररचनेच्या पहिल्या तासाला मी मुलांना विचारतो, त्रिपुरी काँग्रेस म्हटले की काय आठवते? स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले पटकन सांगतात : सुभाषबाबू, पट्टाभी सीतारामय्या, पंत ठराव. मग मी विचारतो, ही सगळी माणसे राहिली कुठे? प्यायली काय? सकाळी गेली कुठे? वर्गात हशा होतो आणि मग शांतता.

त्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे एक शहर आहे. नर्मदेच्या काठी, तिलवारा घाटाच्या परिसरात, ते त्या अधिवेशनासाठी मोकळ्या जमिनीवर उभारले गेले आणि अधिवेशन संपल्यावर उतरवले गेले. त्याचे नाव विष्णुदत्त नगर. जबलपूरचे काँग्रेस नेते पंडित विष्णुदत्त शुक्ल यांच्या नावावरून दिलेले. नवे शहर शून्यातून कसे उभारतात हे शिकवताना आपण चंडीगड आणि नवी मुंबई घेतो, आणि ते योग्यच आहे. पण चार दिवसांचे शहर जास्त कठोर परीक्षा घेते, असे माझे मत आहे. कायमच्या शहरात पाण्याची लाइन दोन वर्षे उशिरा आली तरी लोक टँकरवर भागवतात. इथे पहिल्या सकाळीच सगळे चालू असावे लागते.

आधी राजकारण थोडक्यात सांगतो, कारण ते कुठल्याही पाठ्यपुस्तकात आहे. २९ जानेवारी १९३९ रोजी झालेल्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषचंद्र बोस यांनी गांधींचा पाठिंबा असलेल्या पट्टाभींना दोनशेहून अधिक मतांनी हरवले. मार्चमध्ये अधिवेशन भरले तेव्हा सुभाषबाबू तापाने इतके आजारी होते की त्यांना रुग्णवाहिकेतून आणि स्ट्रेचरवरून आणावे लागले. त्यांचे भाषण त्यांचे बंधू शरदचंद्र यांनी वाचले. गांधी राजकोटला होते. गोविंद वल्लभ पंत यांच्या ठरावाने अध्यक्षांचे हात बांधले आणि एप्रिलच्या अखेरीस सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. अधिवेशनाच्या स्वागत समितीचे अध्यक्ष जबलपूरचे सेठ गोविंददास होते.

या भांडणाचा आवाज इतका मोठा की ज्या शहरात ते झाले ते शहर इतिहासातून पुसले गेले. मला त्या शहराबद्दल बोलायचे आहे, आणि त्यासाठी जरा मागे जावे लागेल, कारण अशी शहरे बांधण्याची विद्या त्रिपुरीपर्यंत हळूहळू तयार होत आली होती.

१९०१ सालच्या कलकत्ता अधिवेशनाचे वर्णन गांधींनी आत्मकथेत केले आहे. शौचकूप थोडे आणि त्यांची अवस्था वाईट. स्वयंसेवकांना सांगितले तर हे आमचे काम नाही असे उत्तर. शेवटी गांधींनी स्वतः झाडू मागून घेतला. देशातली सर्वात शिकलेली मंडळी एकत्र जमली होती, पण काही हजार माणसांच्या मुक्कामाची सोय त्यांना जमत नव्हती, हे त्यातून दिसते. तेव्हा अधिवेशने मोठ्या शहरांतच भरत, म्हणजे पाणी, रस्ते, बाजार आयते मिळत. तरीही ही गत.

१९२४ साली बेळगावला गांधी स्वतः अध्यक्ष होते. हे त्यांच्या अध्यक्षतेखालचे एकमेव अधिवेशन. गंगाधरराव देशपांडे यांनी उभारणीची धुरा घेतली आणि टिळकवाडी भागात ‘विजयनगर’ नावाची छावणी वसवली. तिथल्या पाण्यासाठी एक मोठी विहीर खोदली गेली. तिला पंपा सरोवर असे नाव दिले. बेळगावकर तिला काँग्रेस विहीर म्हणतात आणि ती आजही आहे. मंडप गेला, राहुट्या गेल्या, पण विहीर राहिली. मी मुलांना हे उदाहरण मुद्दाम देतो. तात्पुरत्या कामातले काय कायमचे करायचे, हा निर्णय आराखड्याच्या पहिल्याच दिवशी घ्यायचा असतो, नंतर नाही.

पण खरे वळण आले ते डिसेंबर १९३६ मध्ये, खानदेशातल्या फैजपूरला. काँग्रेसचे खेड्यात भरलेले हे पहिले अधिवेशन. आजच्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल तालुक्यात हे गाव आहे. तेव्हा त्या भागाला पूर्व खानदेश म्हणत. धनाजी नाना चौधरी यांच्यासारखे स्थानिक कार्यकर्ते, शंकरराव देव, अण्णासाहेब दास्ताने आणि गावोगाव हिंडून लोकांना जागे करणारे साने गुरुजी अशी माणसे या कामात होती. नगराचे नाव ‘टिळकनगर’. सजावट आणि रूपासाठी गांधींनी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावले, वास्तुरचनेला म्हात्रे होते. बांबू, चटया, गवत, खादी असे जे आसपास मिळते त्यातून सगळे बांधायचे, हा आग्रह होता. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू रेल्वेने आले आणि पुढे सजवलेल्या बैलांच्या रथातून नगरात पोहोचले.

यात साधेपणाचा देखावा होता असे म्हणणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत. मला ते पूर्ण पटत नाही. बांबू आणि चटई निवडण्यामागे व्यवहारही होता. ज्या गावाला मोठा रस्ता नाही तिथे लोखंडी खांब आणि पत्रे कुठून आणणार? बांबू बैलगाडीतून येतो, दोन माणसे उचलतात, गावातले बुरूड आणि सुतार तो बांधू शकतात आणि काम झाल्यावर तोच बांबू विकला जातो. डिसेंबर महिनाही विचार करून निवडलेला दिसतो. खरिपाचे पीक निघालेले, शेतकऱ्याला सवड, जमीन कोरडी, विहिरींना पाणी.

फैजपूरची मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र बांबूची नाही. तिथले सफाईचे काम अप्पासाहेब पटवर्धन यांच्या पथकाने केले. रत्नागिरीचे हे अप्पा, ज्यांना पुढे लोक कोकणचे गांधी म्हणू लागले. पथकात सवर्ण घरांतली शिकलेली तरुण मुले होती आणि ती मैला उचलत होती. १९०१ च्या कलकत्त्यापासून इथवर यायला पस्तीस वर्षे लागली.

फेब्रुवारी १९३८ मध्ये गुजरातेत तापीकाठी हरिपुऱ्याला ‘विठ्ठलनगर’ उभे राहिले. त्यामागे वल्लभभाई पटेलांची शिस्त होती. नंदलाल बोस यांनी कलाभवनच्या विद्यार्थ्यांना घेऊन शेकडो चित्रफलक केले. लोहार, शिंपी, ढोलकी वाजवणारा, सूत कातणारी बाई अशी रोजची माणसे त्या चित्रांत आहेत. ५१ वे अधिवेशन म्हणून ५१ दरवाजे आणि अध्यक्ष सुभाषबाबूंच्या रथाला ५१ बैल. फैजपूरचा साधेपणा इथे जरा सैल झाला होता, आणि खेड्यातले अधिवेशन स्वस्तात व्हावे असे म्हणणाऱ्या गांधींना तो वाढलेला खर्च रुचला नाही.

मग वर्षभराने त्रिपुरी.

इथे परिस्थिती वेगळी होती. जबलपूर हे मोठे रेल्वे जंक्शन. १८६७ साली अलाहाबादकडून ईस्ट इंडियन रेल्वे इथवर आली, १८७० साली मुंबईकडून जी.आय.पी. येऊन तिला मिळाली आणि मुंबई-कलकत्ता मार्ग जोडला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाकडून छोटी गाडीही आली; विदर्भातल्या आपल्या लोकांना ती फार सोयीची होती. तोफगाड्यांचा सरकारी कारखाना, छावणी, गिरण्या, म्हणजे कारागीर आणि सामान दोन्ही हाताशी. शिवाय १९३९ साली मध्यप्रांत-वऱ्हाडात काँग्रेसचेच मंत्रिमंडळ होते. मुख्यमंत्री रविशंकर शुक्ल. त्यांच्या आधीचे डॉ. ना. भा. खरे १९३८ च्या जुलैत पायउतार झाले होते आणि त्या प्रकरणात मराठी-हिंदी वादाची कटुताही होती. नागपूरच्या मराठी मंडळींच्या मनात ती जखम ताजी असताना महाकोशलात हे अधिवेशन भरत होते, हे लक्षात ठेवावे. देशातल्या आठ प्रांतांत काँग्रेस राज्य करत होती. त्यामुळे विष्णुदत्त नगर ही नुसती छावणी राहिली नव्हती. आम्ही राज्य चालवू शकतो का, याचे ते एक प्रदर्शन होते. इजिप्तच्या वफ्द पक्षाचे शिष्टमंडळ पाहुणे म्हणून आले होते. म्हणजे बघणारे डोळे बाहेरचेही होते.

आता थोडे गणित करू. हे आकडे गृहीत धरलेले आहेत, पद्धत कळावी म्हणून. समजा नगरात ५० हजार माणसे मुक्कामाला आहेत. पिणे, स्वयंपाक आणि जुजबी धुणे-भांडी यांसाठी माणशी रोज २० लिटर धरू, अंघोळ नदीवर. म्हणजे रोज १० लाख लिटर. दहा तास पंप चालवला तर तासाला १ लाख, सेकंदाला सुमारे २८ लिटर. नदीच्या पातळीपासून टाकीपर्यंत २० मीटर चढाव धरला आणि पंपाची कार्यक्षमता ६० टक्के मानली, तर लागतात सुमारे १२ अश्वशक्ती. फक्त बारा! आज आपल्याकडचे अनेक बागायतदार याहून मोठा पंप चालवतात. पाण्याचा वेग सेकंदाला १ मीटर ठेवला तर मुख्य नळाचा व्यास येतो १९ सेंटिमीटर, म्हणजे बाजारातला आठ इंची नळ. वर्गात हे फळ्यावर सोडवले की मुलांना आश्चर्य वाटते. नर्मदा शेजारी असताना पन्नास हजारांच्या शहराला पाणी पाजणे ही काही अवघड गोष्ट नाही.

आता दुसरी बाजू. पंचवीस माणसांमागे एक बैठक धरली तर २,००० बैठका लागतात. चराचे संडास खणले आणि प्रत्येक बैठकीला ८० सेंटिमीटर रुंदी दिली, तर चरांची एकूण लांबी होते १,६०० मीटर. दीड किलोमीटरहून लांब चर, तोही पाण्याच्या जागेपासून किमान ३० मीटर दूर, त्याचा तळ भूजलाच्या पातळीच्या दीड मीटर वर, आणि वाऱ्याची दिशा बघून. रोज त्यावर माती पडली पाहिजे. ती माती टाकायला माणसे पाहिजेत, पहाटे आणि रात्री, आणि ती माणसे आजारी पडता कामा नयेत. पंपाला एक मिस्त्री पुरतो. इथे शेकडो हात लागतात. शहर उभारण्यातला खरा अवघड भाग कुठे आहे हे या दोन हिशोबांत शेजारी शेजारी दिसते.

आणि हत्ती! ५२ वे अधिवेशन म्हणून अध्यक्षांच्या मिरवणुकीत ५२ हत्ती होते. अध्यक्ष स्वतः आजारी, त्यामुळे मिरवणुकीत त्यांचे छायाचित्र होते. इतिहासकार या प्रसंगातला करुण विनोद सांगतात. मी मुलांना हत्तींचे पाणी विचारतो. एका हत्तीला दिवसाला दीडशे लिटर धरले तर ७,८०० लिटर. वरच्या हिशोबाने ३९० प्रतिनिधींचे पाणी. वाटेत तात्पुरती मोरी किंवा लाकडी पूल असेल तर तीन-चार टनांचा जिवंत आणि हलता भार. मिरवणूक ठरवणाऱ्याने हे अभियंत्याला आधी विचारलेले बरे असते.

तिलवाऱ्याचा नदीकाठ मुलांना घेऊन मी अनेकदा पाहिला आहे. समतलमापनाचे प्रात्यक्षिक आम्ही त्या बाजूला करतो. नर्मदा इथे पश्चिमेकडे वाहते. वरच्या अंगाला ग्वारीघाट, खालच्या अंगाला लम्हेटा घाट आणि पुढे भेडाघाटचे संगमरवरी खडक. मार्चमध्ये पाणी खाली गेलेले असते आणि काठाला मोकळी जागा मिळते. एकदा एका मुलीने दुर्बिणीतून नजर काढून विचारले, ‘सर, संडास खालच्या अंगाला ठेवायचे म्हणजे नगराचे पाणी स्वच्छ राहील, पण लम्हेट्याच्या लोकांचे काय?’ पाठ्यपुस्तकात उत्तर सोपे आहे : नदीपासून दूर, उंचावर, मातीत. पण तिचा प्रश्न पुस्तकापेक्षा मोठा होता. प्रत्येक नव्या शहराच्या खालच्या अंगाला आधीपासून कोणीतरी राहत असते, आणि नकाशावर ते बहुधा दाखवलेले नसते.

त्रिपुरी या नावाबद्दलही एक गोष्ट सांगायला हवी. तिलवाऱ्याच्या पश्चिमेला, भेडाघाटच्या वाटेवर तेवर नावाचे गाव आहे. तीच प्राचीन त्रिपुरी, कलचुरी राजांची राजधानी. या घराण्याचे शिलालेख आणि ताम्रपट एकत्र करून त्यांचा इतिहास उभा केला तो महामहोपाध्याय वा. वि. मिराशी या नागपूरच्या विद्वानांनी; त्यांचा ग्रंथ १९५५ साली आला. तेवरला सागर विद्यापीठातर्फे उत्खनन केले ते मोरेश्वर दीक्षित यांनी. दोघेही मराठी. युवराजदेव आणि कर्ण यांची राजधानी जिथे शतकानुशतके नांदली, तिथे आज शेते, विटांचे तुकडे आणि मूर्ती आहेत. काँग्रेसने या जुन्या वैभवाचे नाव आपल्या अधिवेशनाला घेतले. गंमत अशी की जुन्या त्रिपुरीतले घराचे जोते, विहिरीची कडी, सांडपाण्याची सोय हे कुदळीने खणून काढता येते. विष्णुदत्त नगराचे तसे काही जमिनीत शिल्लक राहणार नाही. बांबूचे खड्डे एका पावसाळ्यात बुजतात. हजार वर्षांपूर्वीचे शहर आपल्याला त्याच्या मोऱ्यांवरून कळते, आणि शंभर वर्षेही न झालेले शहर मात्र फक्त भाषणांवरून.

जबलपूरने त्या शहराची आठवण ठेवली ती कमानीच्या रूपाने. मला कमानीशी वैर नाही. तिच्याखालून मीही भाजी घेऊन जातो. पण बेळगावने विहीर ठेवली आणि आम्ही दरवाजा ठेवला, हा फरक मला खटकतो.

त्याहून जास्त खटकते ते सफाईचे. फैजपूरसारख्या नगरांत सवर्ण तरुणांनी चार दिवस झाडू हातात घेतला. पाचव्या दिवशी ते घरी गेले. आपापल्या गावात आणि शहरात मैला उचलण्याचे काम ज्या जातींकडे होते त्यांच्याकडेच राहिले. अप्पासाहेब पटवर्धनांना हे कळले होते. म्हणून ते नुसत्या सेवाभावावर थांबले नाहीत, संडासाच्या रचनेकडे वळले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात त्यांनी मैल्याचे खत होईल आणि माणसाला तो ओला उचलावा लागणार नाही अशा संडासावर काम केले. तो गोपुरी संडास म्हणून ओळखला जातो. ते पदवीने अभियंता नव्हते. पण प्रश्न माणसांच्या मनात आहे तितकाच खड्ड्याच्या रचनेतही आहे, हे त्यांनी ओळखले. हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा आपल्याकडे १९९३ साली आला आणि तो अपुरा ठरला म्हणून २०१३ साली दुसरा करावा लागला. गटारात उतरून माणसे मेल्याच्या बातम्या त्यानंतरही येत राहिल्या आहेत. तुमच्यापैकी जे अभियंते होणार आहेत त्यांच्या कामाचा हा भाग आहे, समाजशास्त्राच्या तासापुरता नाही.

याच नर्मदेवर, जबलपूरच्या वरच्या अंगाला, पुढे बरगी धरण झाले. मंडला, सिवनी आणि जबलपूर जिल्ह्यांतली १६२ गावे त्यात बाधित झाली. त्यातली कित्येक माणसे जबलपुरात येऊन रिक्षा ओढू लागली, झोपड्यांत राहिली. प्रतिनिधींसाठी पाणी, दिवे आणि रस्ते यांसह नगर वसवण्याची विद्या याच काठावर पन्नास वर्षे आधी वापरून झाली होती.

त्रिपुरीनंतर एकच वर्षाने, मार्च १९४० मध्ये, बिहारमधल्या रामगढला पुढचे अधिवेशन भरले. अध्यक्ष मौलाना आझाद, नगराचे नाव मजहर नगर. महिना तोच, मार्च. ऐन अधिवेशनात धो धो पाऊस आला, सभेच्या जागेत पाणी भरले आणि लोकांनी पाण्यातच उभे राहून कामकाज आटोपते घेतले. मोठ्या सभेसाठी खोलगट जागा बरी वाटते, कारण मागच्यालाही व्यासपीठ दिसते. पण जिकडून नजर खाली उतरते तिकडूनच पाणीही उतरते. महाकोशलातही मार्चमध्ये अवकाळी पाऊस आणि गारा येतात. हरभरा आणि गहू आडवा झालेला इथल्या प्रत्येक शेतकऱ्याने पाहिला आहे. त्यामुळे तिलवाऱ्याच्या प्रात्यक्षिकात मुलांना मी सभामंडपाची जागा सगळ्यात शेवटी निवडायला सांगतो. आधी त्यांनी उंचसखल मोजून कागदावर समोच्च रेषा काढायच्या आणि पेन्सिलीने बाण करून दाखवायचे, की एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ते पाणी कुठून येईल आणि कोणाच्या दारात जाईल.